०.३५ मोठं की ०.४?

गणित शिकवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात मी तीन वर्षं नुसती वाचत बसले होते. कुणी चांगली वर्कशीट टाकली की गुपचूप उतरवून घ्यायची, वर्गात वापरायची, आणि देणाऱ्याला साधं 'मिळाली' म्हणूनही कळवायचं नाही. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये अशा गटांचा ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बाकी सगळा भार उरलेल्या एकावर. त्या नव्वदांत मी मजेत होते.

तोंड उघडलं ते नाइलाजाने. सहावीला दशांश अपूर्णांक चालू होते. '०.३५ मोठं की ०.४?' या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला, ०.३५. पस्तीस चारापेक्षा मोठे, विषय संपला. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. रात्री एका वहीच्या पानाचा फोटो (नाव झाकून) गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'काय करू?'

सकाळपर्यंत तेवीस अंगठे, चार नमस्कार आणि एक 'छान उपक्रम, मॅडम'. उपक्रम कसला, फजिती होती माझी!

दुपारी एका सरांनी दोन ओळी लिहिल्या. त्यांना मी आजवर भेटलेले नाही. 'वर्गात ०.३५ तुम्ही कसं वाचता? आणि ज्यांचं बरोबर आलं, त्यांना ०.३ आणि ०.४५ देऊन बघा.'

पहिल्या प्रश्नालाच चपापले. मी रोज 'पॉइंट पस्तीस' म्हणत होते. म्हणजे मुलांच्या कानात पस्तीस घालणारी मीच. दुसऱ्या दिवशी ती नवी जोडी फळ्यावर लिहिली. आदल्या दिवशी बरोबर असलेल्यांपैकी पाच जणांनी ०.३ मोठं ठरवलं. एकीला विचारलं, का गं? "दशांश मोठा, शतांश लहान. म्हणून एकच अंक असला की मोठं." तिचं कालचं ०.४ या वाटेने आलं होतं, आणि मी त्यावर बरोबरची खूण करून मोकळी झाले होते. मग शंभर चौकटींचे कागद वाटले. पस्तीस रंगवा, शेजारी चाळीस रंगवा. आवाज चढवावा लागला नाही.

त्यानंतर मीही लिहायला लागले, आधी भीतभीतच. माणसं कामातून कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकाऊ शिंप्यांबद्दल लिहिलंय: नवा पोरगा कापड कापायला बसत नाही, आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, आणि तेवढ्यात अख्खा कपडा त्याच्या हाताखालून जातो. दुसऱ्याच्या अडचणीवर दोन ओळी लिहिणं मला तसंच वाटतं. बटणं लावताना त्या शिक्षकाचा अख्खा तास डोळ्यांसमोरून जातो. ('छान' मीही लिहिते. दिवस वाईट गेला असेल तर तेवढंच जमतं.)

गेल्या आठवड्यात एका नव्या शिक्षकाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेली वही टाकली. समच्छेदावर लांबलचक उत्तर टाइप केलं, मग सगळं पुसलं आणि एवढंच विचारलं, 'हे कसं केलं, असं विचारल्यावर मूल काय म्हणालं?'

त्यांचं उत्तर लगेच आलं. 'विचारलंच नाही. उद्या विचारतो.'