७८५ कोटी टनांचा ठोकळा

काल सिम्युलेशनमधे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चाचणीत, दोन तास डोक्याला नुसता ताप झाला. १०० मिमी बाजूचा स्टीलचा ठोकळा, त्याला एका बाजूने हीट द्यायची, बास. तर तापमान जागचं हलेचना! मेश (हिशोबासाठी ठोकळ्याचे पाडलेले बारीक तुकडे) बदलला, टाइम स्टेप (हिशोबातला वेळेचा टप्पा) कमी केली, काय उपयोग नाही. मग मासचं (वस्तुमानाचं) आउटपुट बघितलं आणि हसू का रडू कळेना, कारण मॉडेल मिलीमीटर-टनमधे होतं आणि मी डेन्सिटी टाकलेली किलो-मीटरमधली ७८५०, म्हणजे ७.८५ किलोचा ठोकळा सॉफ्टवेअरच्या मते ७८५ कोटी टनांचा, तो तापणार कसा?

आणि गंमत म्हणजे आधीच्या दोन रनमधे हे कळलंच नव्हतं. पहिला रन स्टेडी स्टेटचा, म्हणजे तापमान स्थिरावल्यानंतरचा, त्याला फक्त कंडक्टिव्हिटी (उष्णता किती सहज वाहते) लागते, डेन्सिटी नि स्पेसिफिक हीट (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) कोण विचारतंय. दुसऱ्यात ठोकळा रिजिड (अजिबात न वाकणारा) करून वरून सोडला तेव्हाही बरोबर पडला, कारण पडताना वजनाचा काय संबंध, धडकेपर्यंत मॉडेल शहाण्यासारखं वागतं.

या युनिट्समधे डेन्सिटी ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, स्पेसिफिक हीट ४६० चं ४६ कोटी, पण कंडक्टिव्हिटी ५० ची ५० च राहते, तिथेच माणूस फसतो, वाटतं बाकीचेही आकडे तसेच चालतील.

अजून एक, सॉफ्टवेअरच्या मटेरियल लायब्ररीत नुसतं 'स्टील' दिसलं म्हणून क्लिक करू नका, साध्या स्टीलची कंडक्टिव्हिटी ५० च्या आसपास, ३०४ स्टेनलेसची जेमतेम १६. आता रन परत लावलाय, ४० टक्के झालाय, चहा घेऊन येतो.