रोल धुऊन भेटते का?

मे महिन्यात अकोल्यात दुपारचं दुकान उघडं ठेवलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही. मी ठेवतो ते कूलरसाठी. घरचा कूलर नुसता आवाज करतो. अशाच एका दुपारी डोकं-तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेली एक बाई आत आली, पर्समधून काळी प्लॅस्टिकची डबी काढून तिने काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "दादा, हा रोल धुऊन भेटते का?"

लग्नसराईत हे वाक्य मी दिवसातून पंचवीसदा ऐकायचो. आता दुकानात पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि आधारकार्डाचं लॅमिनेशन. रोल धुवायचं मशीन भंगारवाल्याने किलोवर नेलं, त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

डबीत कोनिकाचा छत्तीसचा रोल होता. शेपूट पूर्ण आत गेलेलं, म्हणजे वापरलेला. कोनिकाने फोटोचा धंदा बंद करतोय हे २००६ सालीच जाहीर केलं होतं. "बाबांच्या कपाटात सापडला," ती म्हणाली. "बाबा २००३ ला गेले. आईचे फोटो असतील त्याच्यात. आईचा त्या काळातला एकबी फोटो नाही आमच्यापाशी."

आई आता नसावी, असं बोलण्यावरून वाटलं. मी विचारलं नाही.

मी गेली दोन वर्षं घरी रंगीत रोल धुतो. आजोबांचे कॅमेरे बाहेर काढून फिरणारी कॉलेजची पोरं आणून देतात. पण त्यांचा रोल बिघडला तर ती दुसरा काढतात. हा तसला नव्हता. "बघतो ताई, खात्री देत नाही," एवढंच बोललो. रात्रभर डोक्यात तेच.

रंगीत निगेटिव्हच्या प्रोसेसला सी-४१ म्हणतात. कोडॅकने ती १९७२ मध्ये आणली आणि पुढे सगळ्याच कंपन्यांनी उचलली, म्हणून कोनिकाचा रोलही त्याच पाण्यात धुतला जातो. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं केमिकल, ३७.८ अंशांवर, वेळ सव्वातीन मिनिटं. तापमान पाव अंशही हलू नये असं पुस्तक सांगतं. ३७.८ म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट, अंगात ताप असतो तेवढं. माझ्या फोटोच्या थर्मामीटरवर माझा भरवसा नाही, म्हणून मी दर वेळी तो पोरांच्या तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघतो. दोन्ही बादलीत बुडवायचे आणि आकडे जुळवायचे.

या विषयावरचे सगळे व्हिडिओ थंड मुलखातल्या लोकांचे. पाणी कसं तापवायचं, हीटर कोणता घ्यायचा, हीच चर्चा. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला ४३ अंशांनी येतं. मी बादलीत बर्फ टाकत बसतो. बायको म्हणालीच, "अहो, लिंबूसरबताचा बर्फ होता तो."

फिल्म रीळावर मी रात्रीच चढवून ठेवली होती, जुन्या डार्करूममध्ये, जिथे आता न नेलेले लग्नाचे अल्बम पडून आहेत. दिवसा घामाचे हात लागले की प्लॅस्टिकचं रीळ चिकटतं, फिल्म अर्ध्यावर अडकते, आणि अंधारात ती सोडवताना माणूस रडकुंडीला येतो. वीस वर्षं घट्ट गुंडाळून पडलेली फिल्म स्प्रिंगसारखी उसळते. ती चढायला वीस मिनिटं गेली. रीळ ठेवायच्या छोट्या, उजेड न शिरणाऱ्या टाकीचं झाकण लागलं तेव्हा कुठे दिवा लावला.

आता चूक सांगतो. डेव्हलपर मी नवा कालवला. रोल परत न मिळणारा आहे, तर डेव्हलपर ताजा हवा, एवढी अक्कल होती. डेव्हलपरनंतरचं केमिकल, ब्लिक्स, मात्र जुनाच घेतला. त्यावर दहा रोल धुऊन झाले होते, आणि नवं पाकीट फोडलं की अख्खा लिटर कालवावा लागतो. जीव झाला नाही.

पाणी ३८ ला आलं. फिल्म एक मिनिट कोमट पाण्यात भिजवली. ओतलं तेव्हा पाणी हिरवटसर निघालं, ते नेहमीचंच. डेव्हलपर आत. पहिला अर्धा मिनिट सतत उलटसुलट, मग दर अर्ध्या मिनिटाला चारदा. जुन्या रोलला वेळ वाढवून द्यावा असं काहीजण म्हणतात; मी दिला नाही. चित्रासोबत जुनाटपणाचा धुरकटपणाही वाढतो, मग फायदा काय? सव्वातीनला ओतून दिलं, पाण्याने धुतलं, ब्लिक्स आत. झाकण किंचित फुगलं, वास आला, एक थेंब पांढऱ्या फरशीवर पडला. तो डाग अजून आहे. साडेसहा मिनिटं, मग धुणं, आणि मी रीळ उघडलं.

फिल्मवर काहीच दिसेना.

काहीच नाही म्हणजे कोरी नव्हती. कोरी असती तर नारिंगी काच तरी दिसली असती. ही गढूळ होती, चहात दूध जास्त पडल्यावर होतो तशी, आणि अपारदर्शक. मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं तर मागून उजेडच येईना. पहिला विचार आला की वीस वर्षांत रोल मेला. दुसरा आला की उद्या त्या बाईला तोंड कसं दाखवायचं. मी मोरीत पाटावर बसून राहिलो, हातातून पाणी निथळतंय, आणि तितक्यात लाइट गेले.

लाइट गेल्यावर खिडकीपाशी गेलो म्हणून दिसलं. फिल्म तिरपी धरली तर काठावर बारीक अक्षरं होती, फ्रेमचे आकडे. अंधुक, पण होते. ती अक्षरं कंपनीने कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात, आणि ती उमटतात डेव्हलपरमध्ये. म्हणजे डेव्हलपरने आपलं काम केलं होतं.

रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदी उरत नाही, हे बऱ्याच फोटोग्राफरांनाही ठाऊक नसतं. डेव्हलपर चांदीचं काळं चित्र तयार करतो आणि त्याच वेळी, त्याच जागी, रंगाचंही. मग ब्लिक्स येतो. ब्लीच आणि फिक्सर एकाच बाटलीत. तो काळी झालेली चांदी आणि उजेड न लागलेले चांदीचे क्षार, दोन्ही काढून टाकतो, आणि मागे नुसता रंग राहतो. माझ्या थकलेल्या ब्लिक्सने यातलं धड काहीच काढलं नव्हतं. त्यात मी ती बाटलीही डेव्हलपरसारखी दाबून, हवा काढून ठेवायचो. डेव्हलपरला हवेचं वावडं असतं; ब्लिक्समधल्या ब्लीचला उलट हवा लागली की थोडा दम येतो. हे मला माहीत होतं. सवयीने दोन्ही बाटल्या सारख्याच दाबल्या जायच्या.

नवं पाकीट फोडलं. हात कापत होते, त्यामुळे थोडी पूड ओट्यावर सांडली, त्याची पुढे वेगळी बोलणी खाल्ली. मग अख्खी फिल्म न बुडवता शेवटाकडचा, फोटो नसलेला दोन बोटांएवढा तुकडा कापला आणि केमिकलसाठी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात टाकला. घड्याळ बघत बसलो. अर्धा मिनिट काही नाही. मग तुकड्याच्या कडा आधी सुटल्या. दुधाळपणा कडेकडून आत विरघळत गेला, आणि मधोमध उरलेला पांढुरका ठिपका बघता बघता गेला. दोन मिनिटांत हातात नारिंगी, आरपार दिसणारी फिल्म होती.

अख्खा रोल पुन्हा रीळावर चढवला. या वेळी दिवसाउजेडी, कारण डेव्हलपर निघून गेल्यावर फिल्मला उजेडाची भीती नसते. पण ओली फिल्म रीळावर चढवणं हे पाप आहे. दोनदा अडकली, एका फ्रेमच्या कोपऱ्यावर नखाचा ओरखडा आला. नव्या ब्लिक्समध्ये चांगली दहा मिनिटं ठेवली. मग धुतली, स्टॅबिलायझरमध्ये, म्हणजे शेवटच्या केमिकलमध्ये बुडवली. तो मी बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यात कालवतो. आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षाराचे ठिपके फिल्मवर बसले की जात नाहीत.

बाथरूमच्या दोरीला फिल्म टांगली, खाली कपड्याचा चिमटा लावला. धुरकट होती, पण चित्रं होती. निगेटिव्ह वाचायची सवय डोळ्याला असते: आभाळ नारिंगी-पिवळं, झाडं जांभळट, माणसांचे चेहरे निळसर काळपट. मी शोधत होतो चेहरे, आणि दिसत होत्या सळया. विटा. सेंट्रिंगच्या फळ्या. पुन्हा सळया.

दुसऱ्या दिवशी फोटो स्कॅन करून उलटवले. रंग हिरवटाकडे झुकलेले, सावल्यांमध्ये रवा पडल्यासारखे दाणे. एकंदर २७ फोटो आले. सत्तावीसच्या सत्तावीस बांधकामाचे. त्या माणसाने घर बांधताना पायापासून स्लॅबपर्यंत सगळं टिपून ठेवलं होतं, बहुधा ठेकेदाराशी हिशेबाचा वाद नको म्हणून. एका फोटोत तर नुसता सिमेंटच्या गोण्यांचा ढीग, वरून मोजता येईल असा.

ती आली. मी आधीच माफी मागितल्यासारखं बोलायला लागलो, पण ती स्क्रीनकडे बघून हसायला लागली. "बाबाच हे," म्हणाली. "पै न् पै." एकोणिसाव्या फोटोवर ती थांबली. नुकत्याच ओतलेल्या स्लॅबवर एक बाई पाठमोरी, पदर खोचलेला, हातात पाइप, पाणी मारतेय. चेहरा नाही. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी झेरॉक्सचे कागद उगीच सारखे करत राहिलो.

मग तिने पुढचे फोटो पाहिले. बाविसाव्यावर पुन्हा थांबली, वाकून जवळून पाहिलं, आणि पर्समधून फोन काढला.

"ऐक ना, फरशी नको फोडू," ती भावाला सांगत होती. "ड्रेनेजची लाइन तुळशीखालून नाहीच जात. जिन्याखालून गेलीय. हो, फोटो आहे ना बाबांचा. चर खणलाय, पाइप दिसतोय, सगळं दिसतंय."

फोन ठेवून तिने त्या दोन फोटोंच्या कॉप्या मागितल्या. एकोणिसाव्याची मोठी, बाविसाव्याची साधी, प्लंबरला द्यायला.