सहाशे पानांचे थांबे

दरमहा एक पुस्तक वाचून त्यावर एकत्र बोलणाऱ्या वाचनगटांपैकी काही गट भिशीसारखी चिठ्ठी काढून पुढचं पुस्तक ठरवतात, आणि दोनशे पानांपर्यंत ते चालूनही जातं. चिठ्ठी फसली तर महिनाभर नाक मुरडायचं, बैठकीत पोह्यांची तारीफ करायची, विषय संपला. पाचशे-सहाशे पानांच्या समकालीन कादंबरीला मात्र चिठ्ठी पुरत नाही. बहुमतही फारसं कामाचं नाही, कारण बहुमताने तेच पुस्तक निवडून येतं जे कुणालाच अगदी नको नसतं आणि कुणालाच अगदी हवंही नसतं. मोठ्या कादंबरीला गटात निदान दोन वेडे लागतात. एकाने ती आधी वाचलेली असावी आणि दुसऱ्याला ती कधीपासून वाचायची असावी. बाकीचे कुरकुरत का होईना, मागून येतात.

आधी हिशेब मांडू, कारण गट पहिल्यांदा फसतो तो इथेच. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण तीस ओळी, ओळीत दहाएक शब्द, म्हणजे पानाला ३०० शब्द. सराईत वाचकाला एका पानाला दोन मिनिटं लागतात. बोलीतले संवाद किंवा पानभर लांबलेला परिच्छेद असेल तर तीन. ६०० पानं म्हणजे २० ते ३० तास. रोज अर्धा तास नेमाने वाचणाऱ्यालाही ४० ते ६० दिवस लागणार. त्यात पाहुणे, लग्नं, ताप, क्रिकेट धरलं तर दोन-अडीच महिने. आणि हे पुस्तक आपण मासिक बैठकीला लावतो! मग निम्मे लोक पान १२० वर अडकलेले असतात, दोघांनी शेवट आधीच वाचून टाकलेला असतो आणि चर्चा पुस्तकावरून घसरून लेखकाच्या जुन्या मुलाखतींवर जाते. कादंबरी जड होती असा निकाल देऊन सगळे घरी जातात. खरं तर जड होतं ते वेळापत्रक.

त्यामुळे निवडताना 'कादंबरी थोर आहे का' याआधी 'ती कुठे कुठे थांबते' हे विचारावं. रातराणी एसटीत बसताना आपण जेवणाला गाडी कुठे थांबणार हे आधी विचारतोच. तसे कादंबरीचे थांबे हवेत: जिथे सगळ्यांना एकदम उतरता येईल, बोलता येईल आणि पुढचं न कळताही बोलण्यासारखं काही हाताशी असेल.

लांब कादंबऱ्या वेगवेगळ्या कारणांनी लांब असतात आणि त्यांचे थांबेही त्याप्रमाणे बदलतात. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) आठशेच्या घरातली. आकार बघूनच लोक हात जोडतात, पण गटासाठी ती वाटते त्याहून सोपी आहे, कारण एका कुळाची कहाणी पिढ्यांमागून पिढ्या सरकत येते. पिढी संपली की थांबायचं. अडचण नावांची. त्यासाठी आधी वाचलेल्या सदस्याने पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर वंशावळ काढून प्रत्येकाला पुस्तकात ठेवायची खूण म्हणून द्यावी. कोण कुणाचा मुलगा एवढंच लिहायचं, कोण कसा मरतो हे नाही. आणि प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न ठेवायचा: लेखक कोणत्या पिढीपाशी जास्त रेंगाळला, आणि का? एवढ्यावर दीड तास सहज जातो.

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) पाहा. तिचं प्रकरण वेगळं. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेरावला वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या आपल्या गावाकडे निघतो. 'पुढे काय होतं' असं विचारणाऱ्याला एवढ्यावरच सांगून मोकळं होता येईल. बाकी सगळा ऐवज आठवणींचा, माणसांचा, गोष्टीतून फुटणाऱ्या गोष्टींचा. अशा कादंबरीला कथानकाचे थांबे शोधत बसलात तर गट तिसऱ्या आठवड्यात फुटतो. इथे वाटणी पानांची करावी, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्यातलं एक माणूस किंवा एक प्रसंग घेऊन यावं. दहा जण दहा माणसं घेऊन आले की कादंबरी कशाची आहे ते आपोआप दिसायला लागतं. संपूर्ण वाचून न झालेल्यालाही बोलायला मिळतं, आणि मोठ्या कादंबरीच्या गटात असे लोक नेहमीच बहुसंख्य असतात. त्यांना शरमिंदं केलं तर पुढच्या वेळी ते येत नाहीत.

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) मध्यम आकाराची, पण नव्या गटाला मोठ्या वाचनाची सवय लावायला फार चांगली. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचे अनुभव त्यात येतात, आणि एकेक बाई म्हणजे एकेक बैठक होऊ शकते. सदानंद देशमुखांची 'बारोमास', जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिच्यात पुण्या-मुंबईच्या वाचकाला बोली अडवते. यावर जालीम उपाय म्हणजे पहिल्या बैठकीत कुणाकडून तरी दहा पानं मोठ्याने वाचून घ्यायची. विदर्भातला सदस्य असेल तर त्यालाच बसवा. डोळ्यांना अडखळवणारी बोली कानाला पहिल्या पाच मिनिटांत सरावते.

आणखी एक प्रकार म्हणजे संपादकाची कात्री न लागल्यामुळे लांबलेली कादंबरी. ही ओळखणं सर्वांत गरजेचं, कारण परीक्षणांत तिलाही 'व्यापक पट'च म्हणतात. चाचणी साधी आहे. उमेदवार म्हणून तीन पुस्तकं घ्या. प्रत्येकातली पहिली वीस पानं वाचा, मग थेट पान ३०० उघडून पुढची वीस. पान १५ वर नायक जे घोकत होता तेच तो ३१० वर घोकत असेल, फक्त आता पावसात, तर पुस्तक ठेवून द्या. उलट ३०० व्या पानावर अनोळखी माणसं, अनोळखी जागा दिसल्या आणि तरी वाक्यं वाचावीशी वाटत गेली, तर ती कादंबरी तग धरेल. याच चाचणीत आणखी एक मोजून घ्या: पहिल्या वीस पानांत नावं किती येतात. पंधराच्या वर गेली तर वंशावळीची खूण करणारा माणूस आधी नेमायचा.

पुरस्कारावर जाऊ नये असं नाही. पण पुरस्कार पुस्तकाला मिळतो, ते गटात चालेल याची हमी देत नाही. विषय स्फोटक असला की चर्चा रंगते हाही अर्धाच खरा समज. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' ही गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या धर्मांतरांची कादंबरी. ती वाचायलाच हवी, पण पहिल्या अर्ध्या तासात गट इतिहासाच्या वादात शिरतो आणि कादंबरीतली माणसं दाराबाहेर उभी राहतात. अशा वेळी नियम करावा: पुस्तक उघडून, पान दाखवूनच बोलायचं. त्या मानाने एस. एल. भैरप्पांची 'मंद्र' (उमा कुलकर्णींच्या मराठीत) गटासाठी हमखास. गायक थोर, माणूस म्हणून वागणं असं की घरात घेऊ नये. याच्यावर गप्प बसेल असा सदस्य अजून जन्माला यायचा आहे.

आता प्रती. निवड जाहीर करण्याआधी दोन दुकानांत आणि जवळच्या वाचनालयात चौकशी करावी. मराठीत मोठ्या कादंबरीची आवृत्ती संपली की पुढची येईपर्यंत मधे बराच काळ जाऊ शकतो. दहा जणांनी सातशे रुपयांची प्रत घ्यायची तर सात हजार झाले. ते जमत नसेल तर दोघांत एक प्रत घ्यावी, पण ती दोघं शेजारी किंवा एकाच कार्यालयातली असावीत. दादर आणि विरार अशी जोडी लावली तर प्रत कायम दुसऱ्याकडेच असते. बांधणी बघून घ्या. पाठीला नुसता गोंद लावलेलं सहाशे पानांचं पुस्तक तिसऱ्या वाचकाच्या हातात मधोमध उकलतं; दोऱ्याने शिवलेली प्रत मिळत असेल तर शंभर रुपये जास्त गेले तरी तीच घ्यावी. वजनाचाही विचार हवा. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरची डेमी ६०० पानं जवळपास साडेसहाशे ग्रॅम भरतात, ८०० पानं पुठ्ठ्यासकट किलोच्या आसपास. झोपून वाचणाऱ्यांची मनगटं दुखतात आणि लोकलमध्ये उभ्याने हे पुस्तक निघत नाही. परदेशातल्या मराठी गटांना तर प्रत म्हणजे कुणाच्या तरी बॅगेतली जागा. तिथे लोणच्याशी स्पर्धा असते. ई-पुस्तक असेल तर प्रश्न मिटतो, पण मग पानांचे आकडे जुळत नाहीत. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, फोनवरची प्रत, तिघांचं पान २०० वेगळं. म्हणून वाटणी करताना पान क्रमांक न सांगता प्रकरण किंवा भाग सांगावा, आणि तेही नसतील तर वाट्याचं शेवटचं वाक्य लिहून सगळ्यांना पाठवावं.

मोठी कादंबरी कधी लावायची याला आपल्याकडे पंचांगच बघावं लागतं. फेब्रुवारी-मार्च बाद, कारण दहावी-बारावी आणि मार्चअखेर. मे महिन्यात निम्मा गट गावी असतो. दिवाळीत तर विचारूच नका. एकदा दिवाळी अंक घरात आले की डिसेंबरपर्यंत कादंबरीवर धूळ बसते. उरतो पावसाळा. जूनच्या मध्यावर सुरुवात करावी, गणपतीच्या आधी निम्म्याहून जास्त मजल मारावी, गणपतीत सुट्टी द्यावी आणि शेवटची बैठक पितृपंधरवड्यात ठेवावी. त्या पंधरा दिवसांत साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही, खरेदी नाही. 'आज जमणार नाही' म्हणायला कुणाकडे सबब नसते. मराठी वाचकाच्या वर्षातला इतका मोकळा काळ दुसरा नाही, आणि तो सहसा वाया जातो.

वाटे समान करू नयेत. ६०० पानांचे दीड-दीडशेचे चार वाटे कागदावर छान दिसतात, पण सुरुवातीची पानं सर्वांत हळू वाचली जातात. जागा नवी, माणसं नवी, लेखकाची चाल नवी. पहिला वाटा ८० पानांचा ठेवावा, दुसरा १५०, तिसरा २०० आणि शेवटचा १७०. दोन बैठकींत दोन आठवडे धरले तर सर्वांत जड वाट्यालाही रोज पंधरा पानं पुरतात. मधे सणाची सुट्टी आली तर तिच्या आधी तिसरा वाटा संपवावा. मधल्या मैदानात वाचकाला सोडून दिलं तर तो परत येत नाही. पहिल्या ८० पानांनंतर एक खिडकी उघडी ठेवावी: तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी नको म्हटलं तर कादंबरी बदलायची, कसलाही अपराधभाव न ठेवता. ही खिडकी आहे एवढं कळलं तरी लोक पुढे वाचतात, हे विशेष. ८० पानांनंतर मात्र बदल नाही. आणि आधी वाचलेल्या सदस्याने बैठकीत सर्वांत शेवटी बोलायचं. हे त्याला अवघड जातं. त्याच्या हातात चहाची किटली द्यावी.

पुढचं पुस्तक कोणतं, हे शेवटच्या बैठकीत ठरवू नये. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि 'आता काहीतरी हलकंफुलकं' असं म्हणत कपाटातलं पहिलं पातळ पुस्तक उचलतात. तिसऱ्या बैठकीतच ठरवावं, आणि मोठ्यानंतर मुद्दाम त्याच विषयाची छोटी कादंबरी घ्यावी. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) धरणग्रस्तांची, ऐसपैस, माणसांनी भरलेली. समकालीन म्हणायची का यावर कुणी अडून बसेल. पुनर्वसनाचे प्रश्न सुटेपर्यंत म्हणायला हरकत नाही असं सांगून पुढे जावं. तिच्या पाठोपाठ कृष्णात खोत यांची 'रिंगाण' लावा, जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापन तेच, पण इथे एक माणूस, मागे राहिलेली एक म्हैस आणि दोनशेहून कमी पानं. पहिलीत ज्या गोष्टीला प्रकरणंच्या प्रकरणं लागली ती दुसरीत कुठे आटोपली आणि कुठे निसटली, हे दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडी ठेवून बघता येतं. त्या बैठकीला वेळ जास्त ठेवा, आणि पोह्यांऐवजी जेवणच ठेवा.