आमची वाटचाल: स्क्रूविना हार्ड डिस्क धरणारा ट्रे

भोसरीत आमचा इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भाग काढण्याचा, छोटा कारखाना आहे. सुरुवातीला स्विचबोर्डची झाकणं आणि मीटरचे डबे काढायचो. आता मुख्य माल एकच आहे: संगणकाच्या कॅबिनेटमध्ये आणि सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्क स्क्रूशिवाय बसवणारा प्लास्टिकचा ट्रे. त्याच्या आजवर चार आवृत्त्या निघाल्या. आधीच्या तीन का बदलाव्या लागल्या ते मापांसकट मांडतो आहोत. नव्याने या कामात उतरणाऱ्याला साचा कापण्याआधी हे हाती असावं, अशी मनापासून इच्छा आहे.

स्क्रू तीन कामं करतो. डिस्कला नेमक्या जागी आणतो, तिथे दाबून धरतो, आणि डिस्कचं धातूचं अंग कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतो. स्क्रू काढला की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. पहिल्या आवृत्तीत आम्ही जागेवर आणण्याचंच काम सोपवलं होतं.

तो ट्रे म्हणजे एबीएस या कडक प्लास्टिकची इंग्रजी यू आकाराची चौकट आणि तिच्या दोन्ही बाहूंवर साच्यातूनच निघालेल्या दोन-दोन खुंट्या. मापं एसएफएफ-8301 या मानकातली: साडेतीन इंची डिस्कची रुंदी 101.6 मिमी, त्यात 0.25 कमी-जास्त, उंची जास्तीत जास्त 26.1, लांबी जास्तीत जास्त 147. बाजूची छिद्रं तळापासून 6.35 मिमीवर. कनेक्टरच्या टोकापासून पहिलं छिद्र 28.5 मिमीवर, आणि त्याच्यापुढे 101.6 मिमीवर शेवटचं. हातातली एक डिस्क व्हर्नियरने मोजून साचा करू नये. ती डिस्क मर्यादेच्या कुठल्या टोकाची आहे हे तिच्याकडे बघून कळत नाही.

छिद्रातले आटे 6-32 या इंची मापाचे असतात. स्क्रूचा बाहेरचा व्यास साडेतीन मिमी, म्हणून तीन मिमीची खुंटी सहज जाईल असं वाटतं. पण खुंटीला आट्यांच्या आतल्या टोकांमधून जायचं असतं आणि तिथली वाट कमीत कमी 2.64 मिमी असते. आम्ही 2.4 मिमीची खुंटी ठेवली. ती जायची, पण सैल. मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते. रेकॉर्डरमध्ये ती दिवसरात्र चालू असते, आणि सैल खुंटी आट्यांवर घासून बारीक पांढरी भुकटी पडते. शिवाय बसवताना एक बाहू ताणून सोडला आणि एकच खुंटी छिद्रात गेली, तर दुसरी मुळाशी तुटते. एबीएसची एवढी बारीक खुंटी आडवा भार पेलत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या केल्या, त्यांच्या माथ्यामागे रबरी ग्रोमेट (खुंटीभोवतीची कडी) दिलं, आणि दाबून धरायचं काम एका बाजूच्या लवचीक जिभेवर सोपवलं. इथे हिशेब चुकला. जीभ मुळाशी किती ताणली जाते याचा हिशेब सोपा आहे: जाडी गुणिले वाक गुणिले दीड, भागिले लांबीचा वर्ग. आमची जीभ 1.6 मिमी जाड, 12 मिमी लांब, आणि वाकायची दीड मिमी. म्हणजे ताण अडीच टक्के. पुन्हा पुन्हा वाकणाऱ्या एबीएसच्या भागासाठी आम्ही आता 1 टक्क्याची मर्यादा पाळतो. त्या जिभा काही वेळा उघडझाप केल्यावर मुळाशी पांढऱ्या पडत आणि मग तडकत. लांबी 20 मिमी केली आणि ताण 0.9 टक्क्यावर आला. वर्गाची ही ताकद आहे. जाडी कमी करण्याआधी लांबी वाढवून बघावी. मुळाशी जाडीच्या निम्मी, म्हणजे 0.8 मिमी गोलाई द्यावी. तिथे काटकोनी कोपरा राहिला तर बाकीचं सगळं बरोबर असूनही तडा तिथूनच सुरू होतो.

तडकणं थांबलं, पण दुसरा दोष वर आला. डिस्क बसल्यावरही जीभ थोडी वाकलेलीच राहत होती, कारण त्या वाकातूनच दाब मिळत होता. सतत वाकवून ठेवलेलं प्लास्टिक हळूहळू त्याच आकाराला सरावतं, आणि डिस्कच्या गरम अंगाजवळ हे लवकर होतं. बाहेरून काहीच तुटलेलं दिसत नाही, पण पकड गेलेली असते. तेव्हापासून नियम केला: डिस्क जागेवर बसली की प्लास्टिकवर कायमचा वाक उरू द्यायचा नाही. कायमचा दाब स्टीलची पट्टी देईल, प्लास्टिकची जीभ फक्त कुलूप लावेल.

त्या काळात त्याच साच्यात एसिटल या दुसऱ्या प्लास्टिकचा दाणा (साच्यात जाणारा कच्चा माल) घालून बघायचा सल्ला खूप मिळाला. एसिटलची लवचीकता खरंच चांगली आहे. पण एबीएस गार होताना साधारण अर्धा टक्का आकसतं आणि एसिटल साधारण दोन टक्के. 101.6 मिमीच्या अंतरावर हा फरक दीड मिमी होतो. छिद्रात खुंटीला दोन-तीन दशांश मिमीची मोकळीक असताना ते ट्रे कुठल्याच डिस्कला लागले नसते. दाणा बदलायचा तर साचाही बदलावा लागतो.

तिसऱ्या आवृत्तीतली चूक आम्हाला सर्वांत महागात पडली. ट्रे आखूड व्हावा आणि हवेला वाट मिळावी म्हणून खुंट्या पुढच्या आणि मधल्या छिद्रात घेतल्या. 2013 पासून हेलियम भरलेल्या डिस्क बाजारात आल्या आणि एका डिस्कमधल्या तबकड्या वाढत गेल्या. त्यामुळे जास्त क्षमतेच्या अनेक डिस्कना बाजूचं मधलं छिद्र नसतंच. खुंटी सपाट भिंतीवर टेकते आणि ट्रे मिटत नाही. तळाच्या छिद्रांचंही तसंच. कनेक्टरकडून 41.28 मिमीवरचं पहिलं छिद्र कायम आहे, पण पुढचं त्या पहिल्यापासून कुठे 44.45 मिमीवर असतं, तर कुठे 76.2 वर. साचा दुरुस्त होण्यासारखा नव्हता, कारण स्लाइडरच (साच्याचे आडवे सरकणारे भाग) चुकीच्या जागी होते. नव्याने करणाऱ्याने बाजूची पहिली आणि शेवटची छिद्रंच धरावीत, आणि तळाशी आधार घ्यायचा असेल तर दोन्ही जागा मोकळ्या ठेवाव्यात.

चालू आवृत्तीत चौकट पीसी-एबीएसची, म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि एबीएसच्या मिश्रणाची आहे. एका बाजूच्या दोन खुंट्या पक्क्या, दुसऱ्या बाजूच्या दोन सरकत्या बाहूवर, आणि बाहूमागे स्टेनलेसची पट्टी. रुंदी 101.35 असो की 101.85, तो अर्ध्या मिमीचा फरक पट्टी भरून काढते. खुंटी टोकाला निमुळती आहे, त्यामुळे छिद्राच्या तोंडाशी ती आपोआप मध्यावर येते आणि सैलपणा उरत नाही. रबरामुळे डिस्कचं अंग पत्र्यापासून तुटतं, म्हणून एका खुंटीपासून पत्र्यापर्यंत स्प्रिंगची पातळ जीभ नेली आहे. वायरमधून अर्थिंग मिळतं हे खरं, तरी अंग पत्र्याला टेकलेलं असावं असं आमचं ठाम मत आहे.

रबराबद्दल थोडं सविस्तर. रबर जितकं मऊ तितकं चांगलं, असं बहुतेकांना वाटतं. एकच डिस्क असेल तर मऊ रबराने कॅबिनेटची घरघर खरंच कमी होते. पण डिस्कच्या आतला हेडचा (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) दांडा झटक्याने हलतो आणि त्याच्या उलट झटक्याने अख्खी डिस्क किंचित वळते. बैठक फार मऊ असेल तर ती जास्त वळते आणि हेडला रेघेवर स्थिरावायला वेळ लागतो. उलट बैठक फार कडक ठेवली आणि शेजारी तीन डिस्क फिरत असतील, तर त्यांची थरथर हिच्यापर्यंत पोचते. दोन्ही वेळा डिस्क तक्रार करत नाही. ती पुन्हा पुन्हा वाचते, लिहिते आणि नुसती संथ होते. आम्ही 40 ते 50 शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणा ठेवतो. तपासायची पद्धत अशी: एका डिस्कवर मोठी फाइल लिहायला लावायची, शेजारच्या डिस्कवर इकडचं-तिकडचं वाचन चालू ठेवायचं, आणि वेगाची तुलना तीच डिस्क स्क्रूने पक्की केल्यावरच्या वेगाशी करायची.

मोल्डिंगमधल्या दोन सवयी. दाणा 80 ते 85 अंशांवर चार तास सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये (मशीनच्या दाणा घालायच्या डब्यात) जात नाही. पावसाळ्यात हे टाळलं तर ट्रेवर चंदेरी रेघा उठतात आणि जीभही कमजोर निघते. आणि रनर (साच्याच्या वाटांमध्ये गोठलेलं जादा प्लास्टिक) दळून परत वापरायचा तर तो 15 टक्क्यांच्या वर नाही. नवीन साच्यात खुंटीच्या जागा, जिभेची जाडी ही मापं धातू राखून कापतो, कारण साच्यातला धातू नंतर काढता येतो, भरायला मात्र वेल्डिंग लागतं. प्रत्येक लॉटचा पहिला ट्रे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन ठोकळ्यांवर बसवून बघतो. एक 101.35 रुंद, दुसरा 101.85. पहिल्यावर हलला किंवा दुसऱ्यावर अडला तर मशीन थांबतं.

अडीच इंची एसएसडीसाठी (चिपवर डेटा साठवणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्कसाठी) वेगळी चौकट केली आहे. तिथले आटे एम3, म्हणजे 3 मिमीच्या स्क्रूचे, म्हणून खुंटी आणखी बारीक लागते. रुंदी 69.85 मिमी, बाजूची छिद्रं कनेक्टरपासून 14 आणि 90.6 मिमीवर, उंची 7, 9.5 किंवा 15. मोठ्या ट्रेमध्ये ती बसवायची असेल तर मध्यभागी ठेवून चालत नाही. मागच्या बोर्डावरचं कनेक्टर साडेतीन इंची डिस्कच्या हिशेबाने लावलेलं असतं, म्हणून एसएसडी एका कडेला सरकवून दोन्ही कनेक्टर एका रेषेत आणावी लागतात. सध्या याच चौकटीच्या साच्याचं काम चालू आहे. 15 मिमीच्या डिस्कला वरची पट्टी अजून अडते आहे.