बावीस खांब आणि २.९३ ओहम

डिझाइन ऑफिसात रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्याकडे पुण्यातल्या एका गृहसंकुलाच्या बागेचं लायटिंग आलं. पायवाटेच्या कडेने २२ खांब, प्रत्येकावर ३० वॉटचा एलईडी दिवा. एकूण ६६० वॉट, म्हणजे जेमतेम ३ अँपिअर. केबल ३ कोअर, २.५ चौरस मिमी तांब्याची, जमिनीखालच्या डीडब्ल्यूसी (दुपदरी प्लास्टिकच्या) पाइपातून. एमसीबी (प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिला की सप्लाय तोडणारा स्विच) १६ अँपिअरचा, सी कर्व्हचा. सी घ्यायला कारण होतं: एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी सर्किटं) एकदम चालू होताना क्षणभर बराच प्रवाह ओढतात आणि बी कर्व्हचा एमसीबी विनाकारण पडतो. ड्रॉइंगवरून लांबी मोजली, ११५ मीटर. लोड ओळीभर वाटलेला असल्याने व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये होणारी व्होल्टेजची घट, आला २.६ व्होल्ट, १ टक्क्याच्या किंचित वर. दिव्यांना ३ टक्क्यांपर्यंत चालतो. केबल शेड्यूलमध्ये, म्हणजे केबलच्या यादीत, खूण केली आणि पुढच्या सर्किटला लागलो.

सहा महिन्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, टेस्टिंगसाठी साइटवर गेलो. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडून गेलेला, लॉन ओलं होतं.

सुरुवात मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने. ५०० व्होल्ट सोडण्याआधी सगळे ड्रायव्हर काढून ठेवायचे, नाहीतर ते जातात किंवा रीडिंग खोटं येतं. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजलं, इन्सुलेशन उत्तम. पोलॅरिटी बरोबर. मग सप्लाय देऊन शेवटच्या खांबाच्या बॉडीवर लूप टेस्टर लावला. फेज अर्थला लागली तर प्रवाह ज्या वाटेने जाऊन परत येतो, त्या वाटेचा, म्हणजे लूपचा, रोध तो मोजतो. आकडा आला ४.१ ओहम.

खांबाचं दार उघडलं तर अर्थिंगचा बोल्ट थेट पावडर कोटिंगवर आवळलेला. वायरमनने कानस घेऊन बोल्टाभोवतीची रुपयाएवढी जागा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला आणि पुन्हा आवळलं. २.९३. त्याखाली आकडा येईना.

“साहेब, दिवे तर सगळे लागले. अजून काय राहिलं?” ठेकेदाराच्या सुपरवायझरने विचारलं. मी ऑफिसातल्या सरांना फोन लावला. त्यांचा एकच प्रश्न: “या खांबाला फेज लागली, तर एमसीबी किती वेळात पडेल?”

उत्तर तिथेच कागदावर काढलं. २३० भागिले २.९३, म्हणजे साधारण ७८ अँपिअर. सी कर्व्हचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पटींमध्ये झटक्यात पडतो. १६ च्या एमसीबीला ८० ते १६०. खात्री हवी तर १६० अँपिअर वाहिले पाहिजेत, म्हणजे लूप १.४४ ओहमच्या आत हवा. ७८ अँपिअरला चुंबकीय ट्रिपवर भरवसा नाही. मग आतली द्विधातूची पट्टी तापून वाकेपर्यंत थांबायचं, आणि त्याला काही सेकंद लागतात. आयईसी ६०३६४ हे वायरिंगचं आंतरराष्ट्रीय मानक अशा सर्किटला ०.४ सेकंद देतं. तेवढे सेकंद खांबावर जवळजवळ निम्मा व्होल्टेज, म्हणजे शंभरच्या वर, उभा राहणार. कारण फेजची आणि अर्थची तार एकाच जाडीची आहे. खाली ओलं गवत, आणि मुलं अनवाणी खेळणार. पाठीमागे लीकेज संरक्षणही नव्हतं. कॉमन एरियाचा आरसीसीबी (लीकेज झालं की सप्लाय तोडणारा स्विच) फक्त सॉकेटांवर होता.

एकेक खांब मोजत आलो. दहाव्यावर १.४१, अकराव्यावर १.५४. म्हणजे तिथून पुढचे सगळे खांब नापास.

लांबीचं कोडंही तेव्हाच सुटलं. ड्रॉइंगमध्ये केबल जमिनीला समांतर धावते. प्रत्यक्षात ती प्रत्येक खांबात दीड मीटर वर चढते, जंक्शन बॉक्समध्ये लूप होते आणि दीड मीटर खाली उतरते. खांबामागे ३ मीटर वाढले आणि ११५ चे १८० झाले. पण खरी चूक लांबीची नव्हती. ११५ मीटर धरूनही २ × ११५ × ७.४१ (या तारेचा दर किलोमीटरचा रोध) भागिले १००० म्हणजे १.७ ओहम येतात. नापासपणा कागदावरच दिसला असता. मी लोडचा प्रवाह पाहिला, ड्रॉप पाहिला आणि फॉल्टचा हिशोब केलाच नाही. एलईडीमुळे लोड इतका हलका झालाय की बारीक केबलही ड्रॉपमध्ये सहज बसते. पूर्वीच्या जड दिव्यांना ड्रॉपसाठीच जाड केबल घ्यावी लागे आणि लूप बऱ्याचदा आपोआप आटोक्यात राही.

लॉन उकरायचं नव्हतं. नुसता ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (एमसीबी आणि लीकेज संरक्षण एकाच स्विचमध्ये) बसवला असता तर वेळेचा प्रश्न सुटला असता, पण नवा उभा राहिला असता. एका ड्रायव्हरचं नेहमीचं लीकेज अर्धा मिलिअँपिअर धरलं तरी २२ चे ११ होतात. ३० चा आरसीबीओ १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, म्हणून कायमचं लीकेज ९ च्या आत ठेवतात. पावसात एका कनेक्टरमध्ये ओल शिरली की सगळी बाग अंधारात, आणि मग कोणीतरी वैतागून आरसीबीओ काढून टाकणार. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते.

म्हणून सर्किटचे दोन भाग केले. सुदैवाने एक पाइप रिकामा होता. त्यातून ४ चौरस मिमीची ७० मीटर केबल थेट बाराव्या खांबापर्यंत ओढली आणि अकरा-बारामधला जोड तोडला. न्यूट्रलही तिथे आठवणीने वेगळा केला. दोन आरसीबीओंचे न्यूट्रल कुठेही एकत्र आले की दोन्ही पडत राहतात. दोन्ही भागांना १० अँपिअर, सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअरचे आरसीबीओ. सी १० ला मर्यादा २.३ ओहमची. पहिल्या भागाच्या टोकाला १.५४, दुसऱ्याच्या टोकाला २.०. आरसीबीओ अडकून बसला तरी... नाही, तो पूर्ण अडकला तर काहीच वाचवत नाही. पण त्याचा लीकेजचा भाग निकामी झाला, तरी चुंबकीय ट्रिप आता शेवटच्या खांबापर्यंत पोचते.

बावीसच्या बावीस खांबांचे बोल्ट कानशीने घासून घेतले. ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या) ड्रॉइंगवर ११५ खोडून १८० लिहिलं, आणि केबल शेड्यूलमध्ये ड्रॉपच्या शेजारी लूपचा एक रकाना वाढवला.