थायरॉईडच्या नावावर किती किलो?

"थायरॉईडमुळे ना गं वजन वाढलं?" हा प्रश्न लोकांनी मला लग्नात, हळदीकुंकवाला आणि एकदा तर दादरच्या पुलावर, मी कठड्याला धरून दम खात असताना विचारलाय. विचारण्यात माया असते, म्हणून मी इतकी वर्षं "हो ना, काय करणार" म्हणून सुटत आले. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा हिशेब मांडतेच.

रक्ततपासणीत माझा टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की वाढणारा आकडा, 18 निघाला. साधारण चार-साडेचारपर्यंत तो ठीक धरतात. त्याआधीच्या दोन वर्षांत ब्लाउज तीनदा उसवून झाले होते, शेवटी टेलरकाका म्हणाले, "ताई, आता आत मायाच उरली नाही." काटा 11 किलो पुढे गेला होता. खरं सांगते, रिपोर्ट बघून मला आनंद झाला. चोर सापडला होता!

डॉक्टरांनी तो आनंद फार टिकू दिला नाही. "यातले तीन-चार किलो थायरॉईडच्या नावावर टाका, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. बाकीचे तुमचे." मी रुसून डॉक्टर बदलला. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, फी तेवढी जास्त घेतली.

त्यात थायरॉईडची गोळीही मी चुकीच्या पद्धतीने घेत होते. सकाळी सहा वाजता एका हातात ती थायरॉक्सिनची गोळी, दुसऱ्या हातात चहा, आणि आठवण राहावी म्हणून लगेच कॅल्शियम. ती गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी, नाहीतर ती अंगी लागत नाही. हे सुधारलं, दोन महिन्यांत टीएसएच 3 वर आला, वजन तीन किलो उतरलं. आणि तिथेच थांबलं.

उरलेले आठ कुठून आले, हे मला माहीत होतं. डोंबिवलीला घरी पोचायला साडेआठ, जेवण दहाला, मग "माझा वेळ" म्हणून एकपर्यंत मोबाइल, आणि पाचला गजर. साडेबाराच्या सुमारास फरसाणाचा डबा उघडायचा. जेवून अडीच तास झालेले, भूक कसली? पण लागायची, अगदी खरी.

ती खरीच होती म्हणे. शिकागोत 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं. खावंसं काय वाटलं, तर गोड, खारट आणि पिठूळ. हा अभ्यास 2004 चा. म्हणजे हार्मोन बिघडलेच होते माझे, फक्त ते गळ्यातल्या ग्रंथीने नाही, मोबाइलने बिघडवले होते.

आमचे हे काडीपैलवान, मला हसायचे. पण त्यांची शुगर काठावर निघाली. 2004 मध्येच पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1! आपल्याकडची चरबी काट्याला फसवून पोटात बसते. तो फोटो मी यांना दाखवला. हसणं बंद झालं.

आता मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि झोप साडेसहा तास होते. दोन वर्षांत आणखी चार किलो गेले, चार आहेत.

परवा ब्लाउज टाकायला गेले, तर टेलरकाका आपणहून म्हणाले, "माया दोन इंच सोडतो." मी सत्तेचाळीशीत आहे. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्या सोडून पोटाकडे सरकते, हे मी वाचून बसले आहे. म्हटलं, "सोडा, काका."