जुनी गाडी, ३१ मार्च आणि दानाची वजावट

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांना सहन होईनात, तेव्हा गेल्या हिवाळ्यात मी गाडी चालवणे कायमचे थांबवले. २०१४ साली घेतलेली आमची वॅगन आर ६१,००० किलोमीटर चालली होती आणि तिच्यात काहीही दोष नव्हता. चांगली गाडी दारात नुसती उभी राहणे मनाला पटत नव्हते, म्हणून सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमाला ती द्यावी, असे मी आणि पत्नीने ठरवले.

त्याच सुमारास न्यू जर्सीतल्या पुतण्याचा फोन आला. "काका, मीही डिसेंबरातच गाडी दान केली, करात सूट मिळते," असे तो म्हणाला. अमेरिकेत करवर्ष ३१ डिसेंबरला संपते, त्यामुळे वर्षअखेरीस असे दान करणारे तिथे पुष्कळ असतात. मात्र त्याची एक निराशाही झाली होती. बाजारभावाने गाडी २,५०० डॉलरची होती; संस्थेने ती लिलावात ९०० डॉलरला विकली आणि वजावट तेवढ्याच रकमेची मिळाली. तिथला नियमच तसा आहे. २००४ साली झालेला बदल २००५ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल, तर संस्थेला विक्रीतून प्रत्यक्ष मिळालेली रक्कमच मोजली जाते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा एखाद्या गरजू माणसाला अल्प किमतीत दिली, तरच बाजारभाव धरता येतो. विक्रीची रक्कम लिहिलेला १०९८-सी हा फॉर्म संस्था दात्याला पाठवते.

आपल्याकडेही असेच काही असेल असे गृहीत धरून मी करसल्लागाराकडे गेलो. तो माझाच जुना विद्यार्थी. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, ८०जीमध्ये दान म्हणजे फक्त पैसे. वस्तूला वजावट नाही." १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या, दानाच्या वजावटीच्या या कलमाच्या स्पष्टीकरणातच तसे नमूद आहे. गाडी, धान्य, कपडे, औषधे यांतले काहीही दिले, तरी त्याचे मूल्य वजावटीत धरले जात नाही. रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच चालते. त्यावरची रक्कम चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावी लागते.

मग गाडी विकून पैसे दिले तर? स्वतःच्या वापरातली गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, एवढी एक गोष्ट सोपी होती. पुढचा हिशेब त्याने कागदावर मांडला. बहुतेक खासगी विश्वस्त संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मी वजावट मिळते, आणि तीही इतर वजावटी वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. माझे असे उत्पन्न ९ लाख रुपये. म्हणजे गाडीचे अंदाजे येणारे १,८०,००० रुपये मी दिले तरी ९०,०००च धरले जाणार, त्यांच्या निम्मे ४५,०००, आणि त्यावर २० टक्के कर व उपकर मिळून वाचणार ९,३६० रुपये. पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. ती मिळवण्यासाठी जुनी प्रणाली निवडली, तर मला ८४,२४० रुपये कर भरावा लागला असता. नव्या प्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि माझे उत्पन्न त्या आत आहे. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांपैकी अनेकांची स्थिती हीच असणार. ज्यांना गृहकर्जाच्या व्याजामुळे किंवा इतर कारणांनी जुनी प्रणाली फायद्याची आहे, त्यांनी मोठी रक्कम अर्धी मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये दिली, तर १० टक्क्यांची मर्यादा दोन वर्षांत दोनदा वापरता येते.

कराचा प्रश्न असा निकालात निघाल्यावर गाडी तशीच देऊन टाकावी, या विचाराने आम्ही दोघे वृद्धाश्रमात गेलो. तिथल्या व्यवस्थापिका ताईंनी चहा दिला आणि अंगणाच्या कडेला उभी असलेली एक मारुती दाखवली. चारही चाके बसलेली, काचांवर धुळीचा थर. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी सद्भावनेने दिलेली ती गाडी कधी संस्थेच्या नावावरच झाली नव्हती. दात्याने मालकी हस्तांतरणाच्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, पण ते आरटीओत कुणी भरले नाहीत, आणि मग विमाही संपला. "सर, चालकाचा पगार आम्हाला झेपत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या दोन आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. त्या रिक्षाचे पैसे मिळाले तर मोठे काम होईल." देण्याआधी विचारायला हवे होते, हे मला त्या अंगणात उभे असताना कळले.

गाडी विकायला काढली. महापुरानंतर सांगलीत जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस इंजिन नंतर बघतो. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्याच्या आतल्या टोकावर गाळाचा डाग आहे का ते पाहतो, मग पायाखालचे मॅट उचलून पत्र्यावरून बोट फिरवतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या त्या पुरात आमची गाडी सुरक्षित जागी, विश्रामबागेत मेहुण्यांकडे उभी होती, त्यामुळे पट्टा स्वच्छ निघाला आणि १,८०,००० रुपये ठरले.

कागदपत्रांत मात्र मी कुणाचीही भीड धरली नाही. मालकी हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३० भरून, गाडी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचे परिवहन संकेतस्थळावर स्वतः पाहिले. दान असो वा विक्री, हे टाळू नये, कारण गाडी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. फास्टॅगही बंद केला. नाहीतर नव्या मालकाचा तासवडे आणि आनेवाडीचा टोल आमच्याच खात्यातून गेला असता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संस्थेच्या नावाने चेक दिला. पावती मिळाली, पॅन क्रमांकही त्यांनी लिहून घेतला. वजावट मागायची असेल तर नुसती पावती पुरत नाही. संस्थेने विवरण भरून ३१ मेपर्यंत १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. माझ्या विवरणपत्रात त्याचा उपयोग नाही, तरी ते मागून घेणार आहे, म्हणजे संस्थेची ती सवय टिकेल. ताईंनी रिक्षाचा हिशेब सांगितला: एका फेरीचे जाऊन-येऊन ५०० रुपये. दोन्ही आजोबा एकाच रिक्षातून जातात, त्यामुळे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ ही रक्कम पुरेल.